लाल कोबा आणि पौषातले आबा

वडूजकडच्या माळावर थंडी पडते, हे सांगलीच्या लोकांना पटत नाही. दुष्काळी भाग म्हणजे बारा महिने ऊन, अशी त्यांची समजूत. माझ्या सासूबाईंचीही तीच होती. पहिल्या बाळंतपणाला मला माहेरी सोडायला त्या स्वतः आल्या, उंबऱ्यात चपला काढल्या, नव्या खोलीत पाऊल टाकलं आणि टाकलेलं पाऊल तसंच मागे घेतलं.

"या फरशीवर माझं नातवंड निजायचं नाही," त्या म्हणाल्या.

खरं म्हणजे ती फरशी नव्हती, सिमेंटचा कोबा होता. लाल कोबा. माझा भाऊ फौजेत आहे. त्याने पगार साठवून आमच्या जुन्या छपराशेजारी स्लॅबची एक खोली बांधली आणि त्या खोलीचा जीव आईने त्या कोब्यात ओतला. गवंड्याच्या डोक्यावर बसून तिने तो तीन-तीनदा घोटून घेतला होता. त्यात तोंड दिसायचं. वस्तीवरच्या बायका तो बघायला यायच्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बघायच्या, कारण आत यायची परवानगी पाय धुतल्याशिवाय नव्हती. त्या कोब्यावर काही अंथरायचं नाही, असा आईचा कायदा होता. सतरंजी नाही, चटई नाही. मला झोपायला लोखंडी खाट दिली, तर तिच्या चारी पायांना आईने जुने मोजे घातले. दादाचेच, फौजेतले.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. पहिलं नातवंड होतं. त्यांनी चार झबली शिवून ठेवली होती आणि पाचव्यासाठी कापड आणलं होतं. पण अट घालून गेल्या. दवाखान्यातून सोडतील त्या दिवशी मी येणार, खोली उबदार असली तर सव्वा महिना माहेरी राहा, गार असली तर त्याच गाडीने सरळ सांगली. आई मान डोलवत राहिली. मी मात्र आतून हादरले, कारण मला त्या वर्षी माहेरी राहायचंच होतं, आणि त्याचं कारण आबा होते.

आबा म्हणजे माझे वडील. आमची मेंढरं. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन चालायला लागायचे, घाट उतरून कोकणात जायचे, आणि वळीव पडायच्या बेताला परत यायचे. पौष महिन्यातले आबा मी जन्मात कधी पाहिले नव्हते. थंडीत ते कसे दिसतात, काय पांघरतात, सकाळी किती वाजता उठतात, मला माहीत नव्हतं. लहानपणी दर दिवाळीला मी त्यांच्या धोतराला धरून म्हणायची, आबा, यंदा नका जाऊ. ते म्हणायचे, मग मेंढरं कुठं ठिवू? एका वर्षी मी म्हणाले, घरात ठेवा की. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते, कारण घर म्हणजे ते छप्पर, आणि त्यात आम्हीच पाय दुमडून निजायचो.

आणि यंदा आबा गेले नव्हते. मोठा कळप चुलत्यांबरोबर पाठवला, लंगडी, म्हातारी आणि गाभण मेंढरं तेवढी मागे ठेवली, आणि कोणी विचारलं की म्हणायचे, पोरगी येनार हाय. एवढंच. मग त्या सव्वा महिन्याला मी कशी सोडणार? मी ठरवलं, काही झालं तरी ही खोली तापवायची. दादा सुट्टीवर आलेला होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, यात काय, मी बर्फात राहून आलोय.

सगळा पैसा स्लॅबमध्ये गेलेला, त्यामुळे जे करायचं ते स्वस्तात. पहिल्यांदा दादाने वडूजच्या बाजारातून तारेचा हीटर आणला. आमच्याकडे लाईट असते, पण तिच्यात जोर नसतो. हीटर लावला. तार कशीबशी गुलाबी झाली आणि तिथेच थांबली. आबा उकिडवे बसून तिच्याकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "ह्यो तापतोय, का आपल्याला बघून लाजतोय?"

मग एकदा शेतीची पूर्ण दाबाची लाईट आली. आमचा हीटर लालबुंद झाला, आम्ही सगळे हात पुढे करून कडेने बसलो, आणि फ्यूज गेला. आमचा नाही, डीपीवरचा. सगळी वस्ती बंद. गव्हाला पाणी द्यायला निघालेला शेजारी खोरं घेऊनच आमच्या दारात आला. हीटर त्याच दिवशी डब्यात गेला.

मग दादाने बुखारी काढली. फौजेत वर बर्फात असते म्हणे, लोखंडी शेगडी आणि तिला धुराचं नळकांडं. त्याने तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, भोक पाडलं, पाइप बसवला, पाइप खिडकीतून बाहेर काढला आणि आत बाभळीची लाकडं पेटवली. बुखारी उत्तम होती. पण आमची खिडकी उत्तरेला, आणि थंडीत माळावर वारा उत्तरेचा. गेलेला धूर पाइपातूनच परत घरी आला, माहेरवाशिणीसारखा. आम्ही खोकत, डोळे चोळत बाहेर पडलो. मी आठ महिन्यांचं पोट धरून, दादा पाइप धरून. आई सगळ्यांत शेवटी बाहेर आली, कारण ती पदराने कोबा पुसत बसली होती.

तेवढ्यात आशाताई आल्या. वस्तीवर महिन्यातून दोनदा येतात, माझं वजन घेतात, गोळ्या देतात. त्यांनी डबा बघितला आणि दादाला तिथेच फैलावर घेतलं. बंद खोलीत विस्तव ठेवाल तर बाळ-बाळंतीण झोपेतच राहतील, कोणाला कळणारही नाही, असं स्पष्ट सांगितलं. निखाऱ्याची शेगडीसुद्धा नको म्हणाल्या. शेक द्यायचा तर दार उघडं ठेवून, समोर बसून, आणि झाला की विस्तव बाहेर. दादा सुभेदारासमोर उभा राहावा तसा ताठ उभा राहून ऐकत होता. त्या दिवसापासून खोलीत विस्तव बंद झाला.

तिसरा प्रयोग बल्बचा. दादाचा एक मित्र पोल्ट्री चालवतो. लहान पिल्लांना ऊब द्यायला तिथे मोठे पिवळे बल्ब टांगतात, त्यातला एक दादाने मागून आणला आणि खाटेवर लोंबता सोडला. खोली लग्नघरासारखी उजळली. ऊब थोडी आली, खोटं कशाला बोलू. पण आईच्या कोंबड्यांना वाटलं, उजाडलं. कोंबडा अंगणात भर संध्याकाळी आरवायला लागला, आणि एक तलंग दाराच्या फटीतून आत शिरून थेट बल्बाखाली, माझ्या अंथरुणात जाऊन बसली. हाकलली की परत यायची. शेवटी आम्ही हरलो. सकाळी बघतो तर गोधडीत अंडं. त्या खोलीतलं पहिलं बाळंतपण कोंबडीचं झालं.

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि दुपारपर्यंत कळलं की ते हसण्याचं नव्हतं.

वडूजच्या दवाखान्यात मुलगी झाली. गोल, काळीसावळी आणि रागीट. मला तर ती पहिल्याच नजरेत इतकी आवडली की मी नर्सबाईंना दोनदा विचारलं, ही नक्की माझीच ना? आई माझ्याजवळ राहिली, दादा डबे आणायला आणि औषधांना. घरी राहिले एकटे आबा. घरी सोडायचा दिवस ठरला तसा दादाने त्यांना फोन केला. फोनवर आबा नेहमी माळाच्या पलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखे बोलतात. दादा म्हणाला, सांगलीच्या पाहुण्या उद्या येणार, तेवढी खोली तापवून ठेवा. आबा म्हणाले, ठिवतो. कशी, ते दादाने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

सासूबाई ठरल्याप्रमाणे सकाळच्या एसटीने दवाखान्यात आल्या. नातीला घेतलं, नाक कोणावर गेलंय ते जाहीर केलं आणि दादाने ठरवलेल्या जीपमध्ये तिला मांडीवर घेऊन पुढेच बसल्या. वाटेत बाळाच्या टोपड्यावरून त्यांचा हात हलला नाही. मी मागे आईला चिकटून बसले होते. बाहेर बोचरा वारा होता आणि मला एकच दिसत होतं, तो लाल, गुळगुळीत, गारढोण कोबा.

जीप अंगणात थांबली. नव्या खोलीचं दार लावलेलं होतं. आबा दारात उभे होते, डोक्याला पटका, चेहऱ्यावर समाधान. त्यांनी सासूबाईंना रामराम घातला आणि मोठ्या अदबीने कडी काढली.

दारातून एक मेंढी बाहेर आली. तिने आमच्याकडे बघितलं आणि बाजूला जाऊन उभी राहिली. मग दुसरी आली. मग लंगडी आली, तिच्यामागे गाभण, मग एकदम तीन अडकून बाहेर पडल्या. आई जीपला धरून उभी होती. सासूबाई बाळाला छातीशी धरून मोजल्यासारखं बघत राहिल्या.

"आणखी किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"आता कोकरं तेवडी हायती," आबा म्हणाले आणि आत जाऊन एकेका काखेत एकेक कोकरू घेऊन आले.

त्यांचा हिशेब साधा होता. मेंढरं रात्री जिथे बसतात तिथली जमीन सकाळी ती उठून गेली तरी ऊबदार असते. बागायतदार धान्य देऊन रानात मेंढरं बसवून घेतात, ते खतासाठी. आबांनी ती घरात बसवली, उबेसाठी. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी सगळ्यांना आत कोंडलं होतं आणि स्वतः दाराबाहेर घोंगडं घेऊन निजले होते. आणि ऐकून विश्वास बसणार नाही, पण खोली तापली होती. दारातून ऊब अंगावर येत होती. सासूबाई पुढे झाल्या, चपला काढल्या, आत पाऊल टाकलं. या वेळी ते मागे घेतलं नाही. पण मग त्यांनी खाली बघितलं.

रात्रभर कोंडलेली मेंढरं रात्रभर काय करणार? लेंड्या होत्या, आणि जे लेंड्यांबरोबर असतं तेही होतं. कोबा लाल दिसत नव्हता. आईने ते पाहिलं आणि तिच्या अंगात आलं. तिने पदर खोचला, हौदावरून बादली आणली आणि ओतली. दादा ओरडला, आई, पाणी नको. तिने दुसरी ओतली. मग फिनेल, मग तिसरी, मग खराटा, मग चौथी. ती थांबली तेव्हा कोबा पुन्हा लालभडक झाला होता, त्यात तिचं तोंड दिसत होतं, आणि त्या खोलीत पाय ठेवला तर टाचेपासून गुडघ्यापर्यंत कळ जात होती. आबांची एका रात्रीची ऊब चार बादल्यांत उतरणीने वाहून गेली.

जीपवाल्याने काच खाली करून विचारलं, गाडी वळवून लावू का?

 मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आबा दोन्ही काखांत कोकरं घेऊन तसेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान गेलं होतं.

"आधी बाळाला वाऱ्यातून आत घ्या," सासूबाई म्हणाल्या. "मग बघू."

आत म्हणजे कुठे? राहिलं होतं ते जुनं छप्पर. सारवलेली जमीन, कुडाच्या भिंती, एका कोपऱ्यात आबांचं अंथरूण. सासूबाई वाकून आत शिरल्या. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या अंथरुणावरच बसल्या. मी बाळाला घेऊन शेजारी टेकले. आई चहा टाकायला गेली, दादा जीपवाल्याला थोपवायला. सासूबाईंनी पाय लांब केले. सांगलीच्या घरी त्यांच्या पायांना सदा गारठा, गुडघे चावतात म्हणून त्या घरातही मोजे घालून वावरतात. हळूहळू त्यांनी पाठ टेकली. मला म्हणाल्या, जरा पाच मिनिटं. आणि चहा येईपर्यंत त्या घोरत होत्या.

कोणाची छाती त्यांना उठवायची? चहा गार झाला. जीपवाल्याला एक चहा दिला, मग दुसरा दिला, मग जेवायला वाढलं. शेवटी त्याने फलटणचं भाडं आलंय म्हणून सांगितलं आणि तो गेला. जीपचा आवाज माळावरून नाहीसा होईपर्यंत मी श्वास रोखून धरला होता. सासूबाईंनी कूससुद्धा बदलली नाही.

ऊन उतरल्यावर त्या उठल्या. पहिल्यांदा त्यांनी नातीच्या तळपायांना हात लावला. गरम होते. मग स्वतःच्या पायांना लावला. मग त्या अंथरुणाकडे वळल्या आणि त्याचा एकेक पदर उचलून बघायला लागल्या. वर वाकळ. तिच्याखाली घोंगडं. त्याच्याखाली लोकर दाबून केलेला जाड बुरणूस. त्याच्याखाली पोती, आणि सगळ्यांत खाली वीतभर वाळलेलं गवत.

"खालून ऊब लागतेय," त्या म्हणाल्या. "हे सगळं तिकडे का नाही घातलं?"

आम्ही सगळ्यांनी आईकडे बघितलं. हीटर, बुखारी, बल्ब, मेंढरं. हवा तापवायला आम्ही एवढे धडपडलो, आणि कोबा मात्र उघडाच ठेवला. हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही, पण आईचा कायदा होता.

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कोबा झाकंल की वो," ती म्हणाली.

मला वाटलं, आता सासूबाई बोलणार. त्या बोलल्या, पण वेगळंच बोलल्या. आमच्या सांगलीच्या दिवाणखान्यात एक सोफा आहे, त्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच आहे. बसलं की चिकटतं, उठलं की आवाज होतो, माझा नवरा त्यावरून कितीदा चिडलाय. सासूबाईंनी स्वतःहून आईला त्या सोफ्याचं सांगितलं. म्हणाल्या, मलाही काढवत नाही हो. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, आणि मग त्यांचं ते हसणं थांबेना. आई तर डोळे पुसत होती. मलाही टाके विसरून हसावंसं वाटत होतं आणि हसताही येत नव्हतं.

मग तह झाला. दारापाशी दोन हात रुंद कोबा उघडा राहील, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल एवढा. बाकी झाकायचा. दुसऱ्या दिवशी दार-खिडकी उघडून कोबा उन्हाने कोरडा केला. दादाने पाटाच्या बागायतीतून उसाचं पाचट आणलं, ते वीतभर पसरलं, वर पोती, वर बुरणूस, वर घोंगडी. दाराला आबांनी आतून जुनं घोंगडं टांगलं. सूर्य वर आला की पडदा बाजूला करून ऊन आत घ्यायचं, कलला की सगळं बंद करायचं. बुखारीही वाया गेली नाही. ती अंगणात मांडली, तिच्यात विटा तापवायच्या, फडक्यात गुंडाळायच्या आणि हाताला सोसतील इतक्या झाल्या की अंथरुणाच्या पायथ्याशी ठेवायच्या. बाळापासून लांब, हे दादा रोज फौजी आवाजात बजावायचा. खर्च म्हणाल तर पाचटाला चहा-पाणी, बस्स.

सासूबाई पाचवी पुजून जाणार होत्या. बारशापर्यंत राहिल्या. पाय निघत नाही म्हणाल्या, आणि ते मायेने म्हणाल्या की बुरणुसामुळे, हे मी अजून विचारलेलं नाही.

आणि मला माझे पौषातले आबा मिळाले. सांगू काय काय? ते पहाटे उठतात आणि पहिल्यांदा आभाळाशी बोलतात. कानाला गुंडाळलेला पटका ऊन अंगावर आल्याशिवाय सोडत नाहीत. चहा बशीत ओतून तिच्यावर आधी हात शेकतात. थंडीने त्यांचे ओठ फुटतात आणि त्यावर ते लोणी लावतात, कोकणात लोणी कोण देत असेल देव जाणे. नातीला झोपवायला त्यांना एकच आवाज येतो, कळप वळवायचा. हुर्र हुर्र करत ते तिला दारातल्या उन्हात हलवायचे, आणि आमची रागीट बाई डोळे मिटून गप्प पडायची. बाहेरची मेंढरं मात्र तो आवाज ऐकून उठून उभी राहायची. मी आत उबेत पडून हे बघायची आणि मला इतकं छान वाटायचं की काय करावं कळायचं नाही.

सव्वा महिना सरत आला तसे आबा माळाकडे बघायला लागले. चुलत्यांचे फोन यायचे. मला सांगलीला पोचवलं की त्यांना कळपाला जाऊन मिळायचं होतं. शेवटच्या सकाळी ते दारात बसले होते, मांडीवर नात, पुढे आईचा दोन हात कोबा उन्हात चमकत होता. मी शेजारी बसले आणि त्यांना सहज छेडलं. आबा, शेकायच्या एवढ्या तऱ्हा, तुम्हाला मेंढरंच कशी सुचली?

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नातीच्या तळपायावरून अंगठा फिरवत राहिले.

"तूच म्हनाली हुतीस," ते म्हणाले. "घरात ठिवा म्हून. तवा आपल्याला घर कुठं हुतं?"

 आईने आतून हाक मारली, जीप आली होती. आबांनी उठताना नातीला माझ्याकडे दिलं आणि पायाने कोब्यावरचं पाचटाचं एक पान बाजूला सारलं, आईला दिसायच्या आत.